अन्नपूर्णा सहकारी भोजन मंडळ, नियोजित

आमच्या बीड जिल्ह्यात दोन माणसं एकत्र आली की वाद होतो, चार आली की पत्ते होतात आणि दहा आली की सहकारी संस्था होते. पाऊस आमच्याकडे चुकतो, हा नियम चुकत नाही.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, मुक्काम पाटोदा. लोक मला आडिटर म्हणत. दूध संस्था, कुक्कुटपालन संस्था, पाणीपुरवठा संस्था, सगळ्या तपासायला माझ्याकडे. कुक्कुटपालन संस्थेत मला कधी कोंबडी दिसली नाही आणि पाणीपुरवठा संस्थेत कधी कुणी पाणी विचारलं नाही, पण इतिवृत्तं मात्र सगळीकडे स्वच्छ अक्षरात असत. अशा वातावरणात आयुष्य गेलेल्या माणसाला जगातली कोणतीही अडचण दिसली की तिची संस्था करावीशी वाटते. माझा दोष तेवढाच.

त्या साली दुष्काळ होता. गल्लीत पाण्याचा टँकर यायचा तो नेमका भाकरी तव्यावर असताना. भाकरी टाकून हंडा घेऊन पळावं तर भाकरी करपायची, भाकरी उलटून, पोपडा सुटायची वाट बघून निघावं तर टँकरच्या नळीतून नुसता वारा यायचा. आमच्या गीताबाई एका हातात उलथणं आणि एका हातात कळशी घेऊन उंबऱ्यावर उभ्या असत. युद्धावर निघालेल्या राणीच्या हातातही इतकी विजोड शस्त्रं नसतील.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "दोन माणसांच्या भाकरीत माझा उभा दिवस जातो. तुमी एवढ्या संस्था तपासता, माझ्या चुलीचं काही बघा की."

शहाणा नवरा अशा वेळी कळशी उचलतो. मी कागद उचलला.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात बालाघाट ग्राहक भांडाराच्या दारावर फळा लागला होता : घाऊक माल उचलणाऱ्यांना सवलतीची कूपने, डाळ, गूळ, तेल यांवर. महिन्याचा बेत आधीच आखून, माल एकदम उचलून, वर कूपनं घ्यायची, म्हणजे वेळही वाचतो आणि पैसाही, हे माझ्या ताबडतोब लक्षात आलं. भांडाराचा व्यवस्थापक आसाराम काउंटरवर पाय वर घेऊन बसला होता. मला बघून त्यानं एक पाय खाली सोडला. सरकारी माणसाला तो एवढाच मान देत असे.

"आसाराम, कूपनं काढ."

"संस्थेला हायेत साहेब. वसतिगृह, आश्रमशाळा, असं. घराला न्हाईत."

"कावून?"

"घर ही काय संस्था हाय का?"

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण ही गोष्ट मला आजवर कुणी लेखी कळवली नव्हती.

मी खिन्न होऊन परत आलो, तर ओट्यावर विठ्ठलराव बसलेले. विठ्ठलराव तहसीलातून निवृत्त झाले होते, पण सल्ल्यातून झाले नव्हते. मुलीचं लग्न, म्हशीचा आजार, पोटातला वात, कशावरही त्यांच्याकडे तोडगा असे, आणि तो दुसऱ्यानं करायचा असे. माझी हकीकत ऐकून त्यांनी अडकित्ता थांबवला.

"मग काढा की संस्था! गल्लीत घरं किती? सात. आठवड्याचे वार किती? सात. देवानं आधीच सोय करून ठिवलीय, आडिटर. रोज एका घरानं सगळ्या गल्लीचं रांधायचं, बाकी सहा घरांनी डबा न्यायचा. एक दिवस काम, सहा दिवस आराम."

मी थक्क झालो. इतकी बिनचूक योजना मी सरकारातही पाहिली नव्हती. तिथंच मला शंका यायला हवी होती.

अन्नपूर्णा सहकारी भोजन मंडळ, नियोजित, असं नाव ठरलं. "नियोजित" हा शब्द नोंदणी होईपर्यंत लावायचा असतो. आमच्या तालुक्यात काही संस्था तो शब्द लावूनच जन्मल्या आणि तो लावूनच वारल्या. नोंदणीचा अर्ज मी मुख्य प्रवर्तक म्हणून सही करून सहायक निबंधकांकडे दिला. सहायक निबंधकांची जागा रिकामी होती आणि तिचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तो अर्ज माझ्याच टेबलावर आला.

खुर्चीत बसल्यावर माणूस बदलतो. मी अर्ज वाचला आणि मला त्यात त्रुटी दिसू लागल्या. भाकरी भाजणं हे उत्पादन की प्रक्रिया? पिठल्याचा राखीव निधी कशात ठेवणार? प्रवर्तकाचा या क्षेत्रातला अनुभव काय? मी खरमरीत पत्र लिहिलं. ते घरी आलं तेव्हा मला इतका राग आला की मी गीताबाईंना म्हणालो, "कोण हा माणूस? बोलायची काही रीत?" मग तितकंच खरमरीत उत्तर धाडलं. ऑफिसात ते उत्तर वाचून मी उद्धट प्रवर्तकांबद्दल शिपायाशी बरंच बोललो. शेवटी दोन्ही बाजूंनी ताणायचं नाही असं ठरवून मी मला तात्पुरती परवानगी दिली.

स्थापनेची सभा विठ्ठलरावांच्या अंगणात झाली. अध्यक्ष विठ्ठलराव. मग उपाध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, तज्ज्ञ सल्लागार... सात घरांत नऊ पदं भरली, तेव्हा कुठं पुरुषांचं समाधान झालं.

गीताबाईंनी विचारलं, "आन् स्वयंपाक करणारीला काय पद?"

"त्याला पद कशाला?" विठ्ठलराव म्हणाले. "ते काम हाय."

मग वार वाटायचे होते. गीताबाई काहीतरी बोलायला पुढं झाल्या, पण मी हातानंच थांबवलं आणि उभा राहून जाहीर केलं, "रविवार मी घेतो. तुम्हा सगळ्यांचा सुट्टीचा दिवस मोकळा राहू द्या." टाळ्या पडल्या. त्याग करताना माणसाला जी एक ऊब वाटते, ती मला वाटली.

शेवटच्या घरातल्या चतुराबाईंनी शंका काढली. चतुराबाई विधवा, दोन म्हशींच्या मालकीण, तीन लेकी उजवलेल्या, आणि बोलणं असं की समोरच्यानं उत्तर द्यायच्या आधी चप्पल शोधावी.

"आन् पाव्हणा आला तर?"

मी या प्रश्नाची वाटच बघत होतो. "ज्या दिवशी येईल त्या दिवशी ज्याचा वार असेल, तो जेवू घालील. आधी पाहुण्याचं कूपन द्यायचं, बास."

"किती बी पाव्हणे?"

"चतुराबाई, सहकारात मोजमाप नसतं."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. सहकाराचं तत्त्व तळागाळात पोचलं, असं मला वाटलं.

पाहुण्यांची कूपनं मी पतंगाच्या कागदाची केली, प्रत्येक घराचा रंग वेगळा. संस्थेच्या नावावर भांडारातनं माल उचलला, आसारामनं सवलतीची खरी कूपनं मोजून दिली आणि या वेळी दोन्ही पाय खाली सोडले. ती कूपनं मी सातही घरांत सारखी वाटली. पुढच्या महिन्यापर्यंत जपून ठेवा, मग डाळ-गूळ एकदम उचलू, असं बजावलं. बायकांनी माना डोलावल्या.

सुरुवातीला अडचणी आल्या, नाही असं नाही. मी आठवड्याचा तक्ता करून दिला होता : सोमवारी वांगं, मंगळवारी गवार, बुधवारी मेथी. पण दुष्काळानं तक्ता वाचला नव्हता. बाजारात भाजी नव्हती. सोमवारी पिठलं आलं. मंगळवारी वेगळ्या घरचं पिठलं आलं. बुधवारी चतुराबाईंनी बदल म्हणून पातळ पिठलं केलं. महिन्याभरात गल्लीतलं शेंबडं पोरही डोळे मिटून, नुसत्या वासावर, हे कुणाच्या चुलीवरचं ते सांगू लागलं. गुरुवार विठ्ठलरावांकडे होता आणि त्यांचा दत्ताचा उपास होता, म्हणून त्यांच्या घरून सगळ्यांना भगरच आली. गुरुवारी अख्ख्या गल्लीला सक्तीचं पुण्य लागू लागलं. मी तज्ज्ञ सल्लागारांकडं तक्रार केली. तज्ज्ञ सल्लागार मीच होतो. दखल घेतली गेली नाही.

पण खरं सांगायचं तर योजना चालली. लई झकास चालली. टँकर यायच्या आधी बायका वेण्याफण्या करून, हंडे लावून, गप्पा मारत उभ्या असत. दुपारी ओट्यावर सागरगोट्यांचा डाव पडे. गीताबाईंना दुपारच्या वेळी हसताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदा ऑफिसातून लवकर आलो तेव्हा कुणाचं हसू हे, म्हणून शेजारच्या घरात डोकावलो. रॉकेल वाचलं, डाळ वाचली. मी ऑफिसात या प्रयोगावर छोटं भाषणही दिलं. शिपाई शेवटपर्यंत बसला होता.

आणि एका सकाळी गीताबाई म्हणाल्या, "अवो, शुक्रवारपासून धोंडा लागतोय."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझं सगळं नियोजन एप्रिल ते मार्च होतं. सरकारी वर्षात अधिक महिना नसतो. असता तर तेरावा पगार द्यावा लागला असता. त्यामुळे दर तीन वर्षांनी येणारा धोंड्याचा महिना माझ्या तक्त्यात कुठंच नव्हता. आणि आमच्याकडं या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, ओवाळायचं, पुरण भरून वाफवलेले धोंडे तूप ओतून खाऊ घालायचे, नवी कापडं करायची. एरवी जावयाचं फक्त ऐकावं लागतं, या महिन्यात त्याची पूजाही करावी लागते.

आमच्या सत्यभामेचं लग्न गेल्याच उन्हाळ्यात झालं होतं. म्हणजे जावयाचा हा पहिला धोंडा. जावई सुग्रीव, राहणार युसूफ वडगाव, साखर कारखान्यात वजनकाट्यावर. उसानं भरलेली गाडी नुसती वळणावर बघून तो वजन सांगे, अशी त्याची ख्याती. बोलायला शून्य. त्याच्या वाटचं सगळं त्याची आई केसरबाई बोलत असे. लग्नाच्या पंगतीतच त्या शेजारणीला, मला ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाल्या होत्या, "आडिटरच्या घरचं जेवण बाई. ताटात कमी अन् कागदावर जास्ती." तेव्हापासून सत्यभामा माहेरी आली की ती आधी डब्यात पीठ किती आहे ते बघे. पहिल्या धोंड्याला पोरगा अर्धपोटी परत गेला, तर ते वाक्य माझ्या लेकीला जन्मभर, रोजच्या भाजीबरोबर, तोंडी लावायला मिळणार होतं.

"सुग्रीवराव कधी येतात?" मी विचारलं.

"सुट्टी रविवारीच असती की. येत्या रविवारी."

"छान. रविवार आपलाच."

गीताबाईंनी माझ्यापुढचा कप उचलला. तेवढ्यात दारात विठ्ठलराव. हातात दोन हिरवी कूपनं.

"पाव्हण्याची कूपनं, आडिटर. दोन जावई. येत्या रविवारी."

"रविवारीच?"

"एक तलाठी, एक बँकेत. नोकरदार माणसं. मग कवा येणार?"

त्यांच्या मागं चतुराबाई. पिवळी कूपनं, तीन. "तिघं बी येत्याती. धाकट्याला भात लागतो, आधीच सांगते." त्यांच्या मागं तिसरं घर, चौथं घर. दारासमोर रंगीत कागद घेतलेली रांग लागली. रेशनच्या दुकानासमोरची रांग मी पाहिली होती, पण तिच्यात एवढा आनंद नव्हता. पुढचा रविवार घ्या म्हटलं तर कुणी ऐकेना. शेजारणीचा जावई आपल्या जावयाच्या आधी जेवला, ही गोष्ट गल्लीत कुणाच्याच पचनी पडणारी नव्हती. संध्याकाळपर्यंत चौदा जावई जमा झाले. लेकी आणि लेकरं वेगळी.

स्थापनेच्या सभेत बायका का हसल्या होत्या, ते मला आत्ता कळलं.

"तुला माहीत होतं?" मी गीताबाईंना विचारलं.

"त्याच दिवशी सांगणार होते. तुमी हात केला अन् उभे राहिले त्याग करायला."

मी धावत अध्यक्षांकडं गेलो. पाहुण्यांचा पोटनियम तातडीनं बदला म्हणालो. विठ्ठलरावांनी चष्मा लावला, माझ्याच अक्षरातले पोटनियम उघडले.

"विशेष सभेला चौदा दिवसांची नोटीस. तुमीच लिवलंय."

"रविवार चार दिवसांवर आहे हो!"

"मग जेवणं झाल्यावर सभा घिऊ. घाई कशाला? माणसं जेवलेली असली की सभा शांत होती."

मी भांडाराकडं निघालो. आमच्या वाटणीची सवलतीची कूपनं शिल्लक होती. त्यांवर हरभऱ्याची डाळ आणि गूळ उचलला की निदान पुरणाची सोय होईल.

आसाराम म्हणाला, "डाळ सपली साहेब. गूळ बी. सगळ्या तालुक्याला एकदम जावई झालेत."

"अरे, मग या कूपनांचं करू काय?"

"सध्या कूपनावर सरकी पेंड हाय. गुरांच्या छावणीसाठी आलती, उरली. घेऊन टाका. महिना उलटला की कूपन बाद, अन् उद्या पेंड बी ऱ्हायची न्हाई."

"मी जावयांना पेंड घालू का?"

"ते माझ्या अखत्यारीत न्हाई," आसाराम म्हणाला.

कूपन बाद होऊ देणं लेखापरीक्षकाच्या रक्तात नसतं. मी हातगाडीवर पेंडीची पोती घेऊन घरी आलो. गीताबाईंनी आधी पोत्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावई नारायण असतोय," त्या म्हणाल्या. "नंदी न्हाई."

पण पेंडीचा वास चतुराबाईंपर्यंत पोचला होता. त्यांच्या म्हशी छावणीतल्या वाळल्या चाऱ्यावर चिपाडं झाल्या होत्या. त्या तडक आत आल्या आणि पोत्यावर हात ठेवूनच बोलायला लागल्या, म्हणजे वाटाघाटी संपल्याच.

"ही मला द्या. बदल्यात लोटाभर तूप देते, कढवलेलं. अन् घरातली मूठपसा डाळ."

अशा रीतीनं पेंडीचं तूप झालं. रसायनशास्त्रात याला काय म्हणतात माहीत नाही, सहकारात याला वस्तुविनिमय म्हणतात. पण डाळ खरोखरच मूठपसा. एका जावयाचे धोंडे होतील एवढी.

शनिवारी स्वयंपाकघरात बैठक बसली. मी, गीताबाई आणि आदल्या दिवशीच आलेली सत्यभामा.

"बाकीच्यांना येसर आमटी, भात, भाकरी, शिरा," मी म्हणालो. "कूपनावर जेवण लिहिलंय, धोंडे लिहिलेले नाहीत. धोंडे फक्त सुग्रीवरावांना."

"एका पंगतीत?" गीताबाई म्हणाल्या. "एकाच्या ताटात धोंडे अन् तेरा जण बघत बसलेत? पंक्तिप्रपंचाचं पाप कुठं फेडू मी?"

"मग त्यांना आत वेगळं बसवू."

"बाबा!" सत्यभामा म्हणाली. "जावयाला न्हाणीघराशेजारी एकट्याला बसवून खाऊ घातलं, असं सांगतील माझ्या सासूबाई."

"मग सगळ्यांना थोडे थोडे वाढू."

"अन् यांच्या ताटात अर्धा? अर्धा धोंडा? बाबा, ते वजन करतात हो!" आणि ती रडायलाच लागली.

पंक्तिप्रपंच करावा तर पाप, न करावा तर लेकीचा जन्मभराचा टोमणा. शेवटी गीताबाईंनी डोळे पुसले, स्वतःचे नव्हे, लेकीचे, आणि म्हणाल्या, "वाढीन तर सगळ्यांना सारखं. पुढं नशीब."

रविवार उजाडला. टँकर वेळेवर आला, हा चमत्कार इथं नोंदवून ठेवतो. गल्लीत खांबांना चादरी बांधून मांडव केला. चौदा जावई कपाळाला गंध लावून, नव्या टोप्या घालून एका ओळीत बसले. मंत्रिमंडळाचा शपथविधी असावा तसं दृश्य. फरक एवढाच की इथं प्रत्येकाला आपलं खातं माहीत होतं. मी आमटी वाढत फिरत होतो. लक्ष सुग्रीवच्या पानाकडं होतं, म्हणून आमटी पहिल्यांदाच सगळ्यांना कमीजास्त पडत होती.

मग गीताबाई परात घेऊन आल्या. प्रत्येक पानात अर्धा धोंडा, वर तुपाची धार. सुग्रीवच्या पानात अर्धाच. सत्यभामा दाराआड उभी, पदराचं टोक दातांत.

सुग्रीवनं तो अर्धा धोंडा उचलला. तळहातावर ठेवला. हात किंचित वरखाली केला. आणि तो पुन्हा पानात ठेवला. मी आयुष्यात पुष्कळ गैरव्यवहार पकडले आहेत, पण पकडलं जाणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

"थांबा! कुनी घास घ्यायचा न्हाई!"

चतुराबाई. डोक्यावर परात, वर पांढरं फडकं, खालून वाफ. त्यांच्या मागं विठ्ठलरावांच्या सौभाग्यवती, त्यांच्या मागं आणखी एक, आणखी एक. सहा घरांच्या सहा परातींची मिरवणूक मांडवात शिरली.

"अहो, हे काय?" मी ओरडलो. "कूपनं तर मला दिलीत!"

"आमटी-भाताची दिली," चतुराबाई म्हणाल्या. "माझ्या जावयाला धोंडे तुमच्या घरचे? मग पुण्य कुणाला लागंल? पुण्य काय कूपनावर मिळतंय व्हय?"

"पण डाळ कुठून आणली? भांडारात तर..."

"तुमीच तर वाटली की कूपनं. तुमी जपून ठिवा म्हणालात, आमी त्याच दिवशी गेलतो."

तालुक्यातली डाळ कुणी संपवली हे अशा रीतीनं उघड झालं. माझं नियोजन अचूक होतं. फक्त ते माझ्याशिवाय अमलात आलं होतं.

आणि आता खरी गंमत सुरू झाली. चतुराबाई आपल्या थोरल्या जावयाला वाढायला वाकल्या आणि थबकल्या. शेजारी दुसऱ्यांचे जावई बसले होते. पंगत एकच. पंक्तिप्रपंचाचं पाप जसं गीताबाईंना लागतं, तसं चतुराबाईंनाही लागतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि ओळीच्या टोकापासून सगळ्यांना वाढायला सुरुवात केली. त्यांच्यामागून दुसरी सासू. मग तिसरी. एकीनं दोन वाढले म्हणून दुसरीनं तीन वाढले. चादरीच्या मांडवाखाली धोंड्यांचा अवकाळी पाऊस सुरू झाला.

पहिल्या तीन घरांपर्यंत जावई आनंदात होते. चौथ्याला तलाठी जावयानं पानावर हात आडवा धरला.

"बास, मामी, बास."

"नारायण बास म्हणतो व्हय? उचला हात!" आणि हातावरच तूप आलं.

"आमच्या घरचा न्हाई का गोड लागत?" पाचव्या घरानं विचारलं. या प्रश्नाला जगात उत्तर नाही. बँकेतल्या जावयानं एक धोंडा टोपीत लपवला, तो पोरांनी पाहिला आणि बोंब ठोकली, "काका, टोपीतनं तूप गळतंय!" चतुराबाईंचा धाकटा जावई, ज्याला भात लागत होता, तो भाताचं नाव काढीना. एकजण हळूच मागं सरकत होता, त्याला विठ्ठलरावांनी खांद्याला धरून परत बसवला. "सल्ला सांगू का?" ते म्हणाले, "दोन घोट पाणी प्या, जागा होती." सबंध कार्यक्रमात त्यांनी उचललेला भार एवढाच.

आणि सुग्रीव? सुग्रीव खात होता. मान खाली, एका लयीत, कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडावा तसा. सहावी परात त्याच्यासमोरून गेली तेव्हा त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच तो माझ्याशी आपणहून बोलला.

"मामा, काटा बसला."

त्याला चौघांनी उचलून ओसरीवर आणला. दाराआडून सत्यभामा इतकी हसली की तिला ठसका लागला. मांडवात चौदा नारायण क्षीरसागरात पहुडल्यासारखे आडवे झाले होते, आणि सात सासवा कमरेवर हात ठेवून, घामानं निथळत, एकमेकींची पुरणं चाखून बघत होत्या.

संध्याकाळची एसटी आली आणि चौदाही जावयांना न घेता गेली.

सोमवारी बरेचसे जावई हलले. सुग्रीव हलला नाही. तो ओव्याचं पाणी पीत, गोधडीवर पडून, छताकडं प्रसन्न मुद्रेनं बघत होता. मंगळवारी दुपारी दारात केसरबाई उभ्या. लेक परतला नाही म्हणून पहिली गाडी धरून निघालेल्या, कपाळावर आठ्या, काखेत पिशवी.

"कुठाय माझा लेक? काय केलं त्याचं?"

मी ओसरीकडं बोट केलं. गीताबाई ओव्याच्या पाण्याखालची चूल फुंकता फुंकता थांबल्या. केसरबाई ओसरीवर गेल्या, लेकाच्या पोटाकडं बघितलं. त्यांनी बोटानं पोट दाबलं. ते दबलं नाही.

"काय रं? आजारी हायेस?"

"न्हाई आई," सुग्रीव समाधानानं म्हणाला. "सात सासवा झाल्यात मला."

मग सत्यभामेनं सगळी हकीकत सांगितली, परातीपासून टोपीपर्यंत. केसरबाईंनी ती उभ्यानं ऐकायला सुरुवात केली आणि मधेच कधीतरी खाली बसल्या. टोपीतल्या तुपापाशी पदर तोंडाला लावला, पण हसू पदरात मावेना. गीताबाईंनी परातीत उरलेले धोंडे वाफेवर ठेवून, तूप घालून त्यांच्यासमोर मांडले. त्यांनी एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला हात घालताना सुनेकडं बघून म्हणाल्या, "तुझ्या आईच्या हाताला चव हाय गं. लेका, तू एकट्यानंच खाल्लं व्हय इतकं?" सत्यभामेनं माझ्याकडं बघितलं. मी तुपाचा लोटा केसरबाईंच्या आणखी जवळ सरकवला.

हात चाटून केसरबाई म्हणाल्या, "आडिटर, काय ती तुमची संस्था, तिच्यात युसूफ वडगावचा सभासद चालतो का? माझ्या बी दोन लेकी हायेत. पुढच्या धोंड्याला त्यांचे नवरे हिकडंच आणीन म्हणते."

माझ्या अंगात सहायक निबंधक संचारला. संस्थेचं कार्यक्षेत्र पोटनियम तीनप्रमाणे फक्त पाटोद्यापुरतं होतं, आणि केज तालुक्यातला सभासद घ्यायचा तर जिल्हा उपनिबंधकांची पूर्वपरवानगी लागते. ते समजावून सांगायला मी घसा खाकरला, तर्जनी वर केली आणि तोंड उघडलं.

गीताबाईंनी त्यात अख्खा धोंडा घातला.